सोसायटीचं 'ग्रीन स्कोअर' ऑडिट करून घेतलं: एकूण ६८, पण पाण्याला १२

आमची सोसायटी बाणेर-पाषाण लिंक रोडला आहे, तीन बिल्डिंग, ८४ फ्लॅट, आणि यंदा कमिटीत खजिनदार मी आहे, त्यामुळे या ऑडिटचा चेक माझ्या सहीने गेलाय आणि रिपोर्ट मी अक्षरशः शेवटच्या पानापर्यंत वाचलाय. पुण्यात सध्या दोन-चार कन्सल्टन्सी सोसायट्यांना असा सस्टेनेबिलिटी स्कोअर काढून देतात, त्यातल्या एकीकडून आम्ही करून घेतलं. नाव इथे लिहीत नाही, कारण चुका होत्या तशा त्यांनी नंतर दुरुस्तही केल्या आणि मला कोणाच्या पोटावर पाय आणायचा नाही. पण सर्व्हिस काय मिळते, कुठे फसायला होतं आणि पैसे देण्याआधी काय विचारायचं हे सविस्तर लिहिते, कारण आम्हाला हे आधी कोणी सांगितलं असतं तर दोन महिने वाचले असते.

फी ४५ हजार अधिक १८ टक्के जीएसटी. सहा आठवड्यांत रिपोर्ट देतो म्हणाले, आठ लागले, ते ठीक आहे. पाच गोष्टी मोजतात: पाणी, वीज, कार्बन, कचरा आणि हिरवळ. प्रत्येकाला १०० पैकी मार्क, मग त्यावरून एक एकूण आकडा, आणि ७० च्या वर गेलात की 'उत्कृष्ट' असा बिल्ला जो गेटवर लावता येतो.

आधी चांगलं सांगते, कारण ते खरंच चांगलं आहे. मोजणीला जी दोन मुलं आली होती, एक मुलगा एक मुलगी, पंचविशीतली असतील, त्यांनी जे काम केलं ते मी आजवर कुठल्या कंत्राटदाराच्या माणसांकडून बघितलं नाही. मे महिन्यात सलग सात दिवस सकाळी सहाला दोघं टँकरच्या इनलेटपाशी वही घेऊन उभी, टँकर दहा हजार लिटरचा म्हणून सांगतात पण तो खरंच भरून येतो का ते वर चढून काठी बुडवून बघायची. ओला कचरा बादलीसकट ताणकाट्याला अडकवून तोलायचा, बादलीचं वजन वजा करायचं, मोबाईलवर फोटो काढायचा. महावितरणची बारा महिन्यांची बिलं कॉमन मीटरची वेगळी आणि लिफ्टची वेगळी अशी लावून घेतली. आमचा वॉचमन त्या मुलीला रोज चहा द्यायचा, म्हणायचा ताई, आमच्याकडे इतकं निरखून कोणी बघत नाही. या भागाला माझे पैकीच्या पैकी.

मग रिपोर्ट आला. चाळीस पानी, गुळगुळीत कागद, पहिल्या पानावर हिरवं पान आणि मध्ये मोठ्ठा आकडा, ६८. खाली लिहिलेलं, 'अतिशय चांगली, उत्कृष्टपासून फक्त दोन गुण दूर'. क्लबहाऊसमध्ये मीटिंग होती, सेक्रेटरी काकांनी आकडा वाचून दाखवला, टाळ्या वाजल्या, आणि त्याच वेळी बाहेर टँकर रिव्हर्स घेत होता, ती पीं पीं पीं इतकी जोरात की काकांना दोन मिनिटं थांबावं लागलं. दिवसातला चौथा टँकर तो. तेव्हाच मला वाटलं की कुठेतरी पाणी मुरतंय, म्हणून घरी येऊन परिशिष्ट उघडलं, आणि पान ३१ वर खरा तक्ता सापडला. पाणी १२. वीज ९२. कार्बन ८८. कचरा ७८. हिरवळ ७०. बेरीज ३४०, भागिले पाच, ६८. गणित बरोबर आहे. पण झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना तसं ते १२ त्या ६८ च्या आत नीट झाकलं गेलं.

आता बघा, दहावीच्या परीक्षेत एखाद्या मुलाला मराठीत ९२ आणि गणितात १२ पडले तर आपण त्याला सरासरी काढून पास म्हणतो का? पासची रेघ ३५ ची, आणि एखाद्या विषयात फारच कमी पडले की बाकी कितीही असोत, नापास, टक्केवारीचं मग पुढे बघू, हे आपल्या प्रत्येक घरात माहीत आहे. म्हणजे मार्क एकत्र करण्याच्या एकापेक्षा जास्त पद्धती असतात आणि कुठली वापरायची हे आधी ठरवावं लागतं, हे आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे, फक्त रिपोर्ट गुळगुळीत असला की आपण विचारायचं विसरतो.

मी आयटीत डेटाचं काम करते, रोजचंच आहे, त्यामुळे रात्री एक्सेल उघडून बसले. तेच पाच आकडे घेतले आणि वेगवेगळ्या पद्धतींनी एकत्र केले. साधी सरासरी, म्हणजे बेरीज करून भागायचं, ६८. भौमितिक सरासरी, म्हणजे पाचही आकड्यांचा गुणाकार करून त्याचं पाचवं मूळ काढायचं, तर ५५.६. हार्मोनिक सरासरी, म्हणजे प्रत्येकाचा व्यस्त (१ भागिले तो आकडा) घेऊन त्यांची सरासरी काढायची आणि पुन्हा उलटवायचं, तर ३७.७. आणि सगळ्यात कमी असेल तोच एकूण आकडा मानायचा असं ठरवलं तर १२. तीच सोसायटी, तीच मोजणी, एक लिटर इकडचं तिकडे नाही, आणि आकडा ६८ पासून १२ पर्यंत कुठेही. ह्या चारही पद्धती गणिती आहेत, चारही 'शास्त्रीय' आहेत, आणि एकाच कुटुंबातल्या आहेत. साध्या सरासरीच्या टोकाला सांगितलं जातं की एका बाजूचं कमी दुसऱ्या बाजूच्या जास्तीने पूर्ण भरून निघतं, 'सगळ्यात कमी तोच' या टोकाला सांगितलं जातं की अजिबात भरून निघत नाही, आणि मधल्या दोघी मधलं काहीतरी सांगतात. पुस्तकात याला भरपाई होणं न होणं असंच काहीसं म्हणतात. माझ्या मते सगळ्या विषयाची चावी ह्या एका प्रश्नात आहे, सोलरने मिळालेल्या विजेच्या मार्कांनी पाण्याची उणीव फिटते का?

आमचं उत्तर स्पष्ट आहे, नाही फिटत. गच्चीवर कितीही पॅनल लावा, त्या विजेवर पंप चालेल, पण पंपाला खेचायला खाली पाणी नको का? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. हर्मन डाली नावाचे अमेरिकन अर्थतज्ज्ञ होते, त्यांचा मुद्दा हाच होता की मासेमारीच्या होड्या कितीही वाढवल्या तरी समुद्रात मासेच उरले नाहीत तर होड्यांचा उपयोग काय, माणसाने बनवलेली गोष्ट निसर्गाच्या जागी बसवता येत नाही, ती त्याच्या जोडीला लागते. याला स्ट्राँग सस्टेनेबिलिटी म्हणतात, आणि सगळं एकमेकांच्या बदल्यात चालतं असं मानलं की ती वीक सस्टेनेबिलिटी. साधी सरासरी घेतली की तुम्ही न बोलता वीकवाल्यांच्या बाजूला जाऊन बसता. कन्सल्टन्सीने आम्हाला हे विचारलंच नव्हतं, त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये सरासरी होती म्हणून सरासरी घेतली.

हे नुसतं तात्त्विक वाटत असेल तर शेजारच्या सोसायटीचं बघा. त्यांनीही याच लोकांकडून करून घेतलं आणि त्यांच्या चेअरमन मॅडमनी मोठ्या मनाने तक्ता बघायला दिला. पाणी ५८, वीज ६२, कार्बन ६०, कचरा ६४, हिरवळ ६१. कशातच चमक नाही पण कशातच खड्डा नाही. साधी सरासरी ६१, म्हणजे आम्ही सात मार्कांनी पुढे. भौमितिक घेतली तर त्यांचे ६१ च्या आसपासच राहतात, कारण सगळे आकडे जवळजवळ आहेत, आणि आम्ही ५५.६ वर, म्हणजे मागे. क्रम उलटला! आमच्या लोकांनी मीटिंगमध्ये 'शेजाऱ्यांपेक्षा भारी' म्हणून टाळ्या वाजवल्या होत्या आणि मला ते आठवून वाईट वाटत होतं, कारण मे महिन्यात त्यांच्या गेटवर टँकर क्वचित दिसायचा.

असं नाही की जगात कोणी याचा विचार केलेला नाही. मानव विकास निर्देशांक, एचडीआय, १९९० पासून निघतो, त्यात आयुष्य, शिक्षण आणि उत्पन्न या तिघांची साधी सरासरी असायची, २०१० मध्ये त्यांनी ती सोडून भौमितिक सरासरी घेतली, कारण हेच, एकात मार खाल्ला तर दुसऱ्याने सहज भरून निघू नये. आणि अगदी आपल्या डोळ्यासमोरचं उदाहरण म्हणजे हवेचा एक्यूआय, म्हणजे हवा किती खराब ते सांगणारा आकडा. पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं, हवेचे आकडे देणारं 'सफर' आपण सगळे बघतो. तर भारताच्या एक्यूआयमध्ये आठ प्रदूषक मोजायची सोय आहे, प्रत्येकाचा वेगळा उपनिर्देशांक निघतो, आणि एकूण आकडा म्हणजे त्यांची सरासरी नाही, त्यातला सगळ्यात वाईट तोच एकूण. कमीत कमी तीन प्रदूषकांचे आकडे पाहिजेत आणि त्यात पीएम २.५ किंवा पीएम १० (हवेतले बारीक धूलिकण) असलाच पाहिजे, नाहीतर एक्यूआय काढायचाच नाही असा नियम आहे. विचार करा, दिवाळीच्या रात्री धुळीचा आकडा २८० असताना ओझोन चांगला आहे म्हणून सरासरी काढून 'मध्यम' सांगितलं असतं तर दम्याच्या माणसाने काय करायचं? तिथे सरासरी चालत नाही हे सरकारला कळलंय, मग पाण्याला का चालावी.

वजनांचा, म्हणजे एकूण आकड्यात कुठल्या रकान्याचा किती टक्के वाटा धरायचा त्याचा, किस्सा तर वेगळाच. सुरुवातीला त्यांनी कमिटीला एक फॉर्म दिला होता, पाच गोष्टींच्या दोन-दोनच्या जोड्या, एकूण दहा प्रश्न, प्रत्येकात कुठली गोष्ट किती पट महत्त्वाची ते १ ते ९ मध्ये लिहायचं. ही एएचपी पद्धत, थॉमस साटी यांनी १९७० च्या दशकात काढलेली, जगभर वापरतात. चांगली आहे, कारण पाच गोष्टींना एकदम वजन द्या म्हटलं तर माणूस गोंधळतो, दोघींत निवड सोपी जाते. पण तिच्यात एक तपासणी अंगभूतच असते, तुमची उत्तरं एकमेकांशी जुळतात का. आमच्या एका सभासदाने लिहिलं होतं पाणी कचऱ्याच्या ३ पट महत्त्वाचं, कचरा विजेच्या ३ पट महत्त्वाचा, म्हणजे हिशोबाने पाणी विजेच्या ९ पट व्हायला हवं, पण पुढच्याच प्रश्नात त्यांनी लिहिलं वीज पाण्याच्या २ पट. वाईट हेतू नव्हता, रात्री नऊची मीटिंग, घाईत टिकमार्क. साटींच्या हिशोबात विसंगतीचं गुणोत्तर ०.१० च्या आत असावं, या तीन उत्तरांचं मी काढलं तर ०.८६ आलं. अशा वेळी फॉर्म परत द्यायचा असतो, काका जरा पुन्हा बघा म्हणायचं असतं.

त्यांनी काय केलं तर सगळ्यांचे फॉर्म बाजूला ठेवून पाचही गोष्टींना सरसकट २० टक्के वजन देऊन टाकलं, आणि रिपोर्टमध्ये वाक्य ठेवलं की वजनं सभासदांशी चर्चा करून ठरवली आहेत. हे मला पटलं नाही आणि हीच माझी सगळ्यात मोठी तक्रार आहे. समान वजन देणं चूक नाही, बरेच लोक देतात, पण तो निर्णय तुमचा आहे तर तसं लिहा, आमच्या नावावर खपवू नका.

आणि साध्या सरासरीत वजन म्हणजे 'महत्त्व' नसतंच खरं तर, तो बदल्याचा भाव असतो. पाण्याला २० आणि विजेला २० म्हणजे पाण्याचे दहा मार्क गेले आणि विजेचे दहा मिळाले की फिट्टंफाट. ही गोष्ट तोंडी सांगून मीटिंगमध्ये कोणाला पटली नाही, मग मी स्क्रीनवर पाण्याचं वजन एकेक टक्का वाढवत नेलं आणि उरलेलं चौघांत सारखं वाटलं. ३० टक्क्यांपर्यंत आम्ही शेजाऱ्यांच्या पुढे, ३१ ला मागे. एका टक्क्यात! तिथे सगळे गप्प झाले. मग एक हजार वेळा वजनं रँडम घेऊनही बघितलं, साधारण चारातल्या तीन वेळा आम्ही पुढे, एक वेळा शेजारी. हे दहा मिनिटांचं काम आहे, याला सेन्सिटिव्हिटी तपासणं म्हणतात, आणि ४५ हजारांच्या रिपोर्टमध्ये हे एक पान असायलाच पाहिजे होतं.

आता ते १२ आले कुठून तेही सांगते, कारण तिथे माझे डोळे उघडले. टक्के, किलो, युनिट असं सगळं वेगवेगळ्या मापात असतं म्हणून आधी सगळं ० ते १०० वर आणावं लागतं. त्यांनी काय केलं, आजवर जेवढ्या सोसायट्या मोजल्या त्यातली सगळ्यात वाईट म्हणजे ० आणि सगळ्यात चांगली म्हणजे १००. मे महिन्यात किती टक्के पाणी टँकरचं, हा निकष. सगळ्यात वाईट सोसायटी ८० टक्के, सगळ्यात चांगली ५ टक्के, आम्ही ७१. तर ८० वजा ७१ म्हणजे ९, भागिले ७५, म्हणजे १२. ठीक. पण उद्या त्यांच्या यादीत एखादी अशी सोसायटी आली जिचं शंभर टक्के पाणी टँकरचं आहे, आणि आपल्याकडे नवीन स्कीममध्ये हे अशक्य अजिबात नाही, तर? तर आमचे १०० वजा ७१ म्हणजे २९ भागिले ९५, साडेतीस मार्क! एक थेंब न वाचवता १२ चे साडेतीस, आणि एकूण सरासरी ६८ वरून ७१.७, म्हणजे गेटवर 'उत्कृष्ट' बिल्ला. दुसऱ्याचं वाईट झालं म्हणून आपण उत्कृष्ट. उलटही होऊ शकतं, आपण मरमर मरून सुधारणा करायची आणि यादीत कोणीतरी फार चांगलं आलं की आपले मार्क कमी. म्हणून दोन्ही टोकं आधीच ठरवून कायमची बांधून ठेवायची असतात. एचडीआयमध्ये आयुर्मानाची टोकं २० आणि ८५ वर्षं अशी ठरलेली आहेत, कुठला देश यादीत आला गेला याने फरक पडत नाही.

पुणेकरांना आठवत असेल, २०१८ मध्ये केंद्राच्या ईज ऑफ लिव्हिंग इंडेक्समध्ये पुणे देशात पहिलं आलं होतं, सगळीकडे पेढे. पुढच्या फेरीत, दहा लाखांवरच्या शहरांत, बेंगळुरू पहिलं आणि पुणे दुसरं. मधल्या काळात पद्धतच बदलली होती, नागरिकांच्या मतांच्या सर्व्हेला ३० टक्के वजन आलं होतं. मग पुणं खाली गेलं की फूटपट्टी बदलली हे नुसत्या क्रमांकावरून कसं सांगणार? तसंच २०२२ च्या जागतिक पर्यावरण कामगिरी निर्देशांकात भारत १८० पैकी १८० वा आला तेव्हा आपल्या पर्यावरण मंत्रालयाने निकष आणि वजनांवरच आक्षेप घेतला होता. कोण बरोबर ते सोडा, पण भांडण आकड्यावर नव्हतं, आकडा कसा जुळवला यावर होतं.

कार्बनचंही एक राहिलं. वीज आणि कार्बन असे दोन वेगळे रकाने आहेत ना, तर कार्बन त्यांनी मोजला कसा? विजेचे युनिट गुणिले केंद्रीय वीज प्राधिकरणाचा फॅक्टर, म्हणजे एका युनिटमागे किती कार्बन निघतो तो आकडा. बस. ना गाड्यांचं पेट्रोल, ना जनरेटरचं डिझेल, ना रोज चार टँकर फिरतात त्यांचं डिझेल. म्हणजे तीच वीज दोनदा मोजली! ज्याच्या गच्चीवर सोलर त्याला दोनदा मार्क. कार्बनचा रकाना काढून टाकून चारांची सरासरी घेतली तर आम्ही ६३ आणि शेजारी सव्वा एकसष्ट. सात मार्कांची आघाडी पावणेदोनवर आली. निकष निवडताना ते एकमेकांची सावली तर नाहीत ना हे बघायला साधा कोरिलेशनचा, म्हणजे कुठले दोन आकडे किती सोबत वर-खाली होतात त्याचा, तक्ता पुरतो, फार लांब जायला लागत नाही.

त्यांचं एक प्रीमियम पॅकेजही आहे, २० हजार जास्त, त्यात टॉप्सिस पद्धत वापरतात. टॉप्सिस म्हणजे एक आदर्श सोसायटी कल्पायची, एक सगळ्यात वाईट कल्पायची, आणि तुम्ही पहिलीच्या किती जवळ आणि दुसरीपासून किती लांब ते अंतर मोजायचं. १९८१ ची ह्वांग आणि यून यांची पद्धत, नाव भारदस्त, पण त्यातही भरपाई होतेच आणि यादीत कोणी आलं गेलं की क्रम बदलू शकतो. आमच्या अडचणीवर ते औषध नाही, जास्तीचे पैसे देऊ नका. त्यापेक्षा फ्रान्सचे बर्नार्ड रॉय यांनी इलेक्ट्र नावाच्या पद्धती काढल्या, त्यात व्हेटोची सोय असते, एका निकषात फारच मार खाल्ला तर बाकी कशातही पुढे असलात तरी तुम्हाला वरचढ म्हणता येत नाही. ही कल्पना आपल्या ३५ मार्कांच्या चुलतघराण्यातलीच. सोसायटीला अख्खी इलेक्ट्र नको, नुसता व्हेटो घेतला तरी पुरे.

हे सगळं मी सहा पानांत लिहून त्यांना पाठवलं आणि भेट मागितली. मला वाटलं होतं टाळतील. त्यांचे मुख्य सर स्वतः आले, सोबत ती वहीवाली मुलगी. तीन तास बसलो. सर आधी म्हणाले मॅडम, लोकांना एकच आकडा पाहिजे असतो, पाच आकडे दिले तर कोणी वाचत नाही. त्यांचंही खरं आहे, आमच्याच मीटिंगमध्ये टाळ्या आकड्याला पडल्या होत्या. मी म्हटलं सर, एक आकडा द्या, पण तो पाण्यावर पांघरूण घालणारा नको. भौमितिक सरासरीवर त्यांची शंका रास्त होती, एखाद्याला शून्य पडलं तर अख्खा गुणाकार शून्य होतो, मग बाकीचं काहीच दिसत नाही. हे खरंय, म्हणून टोकं बांधताना शून्य कुठे ठेवायचं ते विचार करून ठेवावं लागतं. शेवटी ती मुलगीच बोलली. म्हणाली सर, मी सात दिवस त्या टँकरपाशी उभी होते, मला ६८ बघून बरं नव्हतं वाटलं. त्यानंतर सरांनी फार वाद घातला नाही.

तीन आठवड्यांत नवीन रिपोर्ट आला, जादा पैसे न घेता, हे त्यांच्या बाजूने लिहिलंच पाहिजे. आता टँकरच्या निकषाची टोकं ० आणि १०० टक्के अशी कायमची बांधलीत, त्यामुळे आमचं पाणी २९ झालंय, बाकीच्या रकान्यांतही दोन-चार मार्कांचा फरक पडला. कार्बनमध्ये टँकर आणि जनरेटरचं डिझेल धरलं. फॉर्म पुन्हा भरून घेतले, न जुळणाऱ्यांना परत दिले, आणि पाण्याला सभासदांनी खरोखरच सगळ्यात जास्त वजन दिलं. पहिल्या पानावर पाच आडव्या पट्ट्या आहेत, ३५ ला एक लाल रेघ, पाण्याची पट्टी त्या रेघेच्या अलीकडेच संपते. कुठलीही पट्टी रेघेच्या अलीकडे असेल तर बिल्ला नाही, एकूण आकडा काहीही असो. तो आकडा, भौमितिक सरासरीने ६१, आतल्या पानावर आहे, आणि त्याखाली वजनं बदलली तर तो कुठून कुठे जातो ते छापलंय.

घ्यावी का ही सर्व्हिस? मोजणीसाठी नक्की घ्या, तेवढ्यासाठी पैसे वसूल आहेत. स्कोअरसाठी घेणार असाल तर सही करण्याआधी त्यांच्याकडून लेखी घ्या की कच्चा तक्ता एक्सेलमध्ये मिळेल, टोकं कुठली ते सांगतील, वजनं कोणी दिली ते लिहितील आणि एकत्र कसं केलं ते पहिल्या पानावर असेल. आमच्या पहिल्या रिपोर्टला मी पाचपैकी दोन दिले असते, दुसऱ्याला चार. एक कापला तो पहिल्या रिपोर्टमधल्या त्या 'चर्चा करून ठरवली' वाक्यासाठी.

पाण्याच्या पट्टीची झेरॉक्स लिफ्टशेजारी लावलीय. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी परवा ती बघून विचारत होत्या, २९ म्हणजे नापास ना गं? हो म्हटलं. त्या म्हणाल्या मग गच्चीचं पावसाचं पाणी बोअरमध्ये सोडायचं काय झालं. त्याची दोन कोटेशन आलीत, तिसरं या आठवड्यात येतंय, आणि पुढच्या जनरल बॉडीत विषय क्रमांक एक तोच ठेवलाय. माझं एक्सेल सेक्रेटरी काकांकडे पेनड्राइव्हवर आहे, आजूबाजूच्या कुठल्या सोसायटीला स्वतःचे आकडे घालून बघायचे असतील तर रविवारी सकाळी दहाला क्लबहाऊसमध्ये या, मी असते.